प्रकाशाचा क्रम : निसर्ग-प्रवास छायाचित्रणातील एचडीआर तंत्राची समीक्षा
अमडापूर व लोणार परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

छायाचित्र म्हणजे वास्तवाचा आरसा, ही समजूत छायाचित्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. निसर्गदृश्य टिपू पाहणाऱ्या व्यक्तीला मात्र ती फार काळ बाळगता येत नाही. आकाश नीट उमटले तर जमीन काळवंडते आणि जमीन उजळली तर आकाश पांढरेफटक पडते. डोळ्यांना एकसंध भासणारे दृश्य कॅमेरा दोन तुकड्यांत तोडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या तीन दशकांत जे तंत्र विकसित झाले, त्यास ‘हाय डायनॅमिक रेंज’ किंवा संक्षेपाने ‘एचडीआर’ असे म्हटले जाते. एकाच दृश्याची कमी-अधिक एक्स्पोजर देऊन घेतलेली अनेक चित्रे एकत्र करून उजेड आणि सावली या दोहोंतील तपशील एकाच चित्रात आणणे, हे त्याचे स्थूल स्वरूप होय.

या तंत्राविषयी दोन टोकांची मते आढळतात. काहींच्या मते ते केवळ रंगरंगोटी आहे. तर काहींच्या मते कॅमेऱ्याला मानवी डोळ्याची योग्यता देणारे ते एकमेव साधन आहे. दोन्ही मते एका ठिकाणी घसरतात. एचडीआर ही एक क्रिया नसून त्यात दोन स्वतंत्र क्रिया सामावलेल्या आहेत, याकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष होते. पहिली क्रिया प्रकाशाच्या नोंदीची आणि दुसरी त्या नोंदीच्या मांडणीची. पहिलीवर आक्षेप घेण्यास फारसे कारण नाही. दुसरीची मात्र कसोशीने परीक्षा करावयास हवी आणि त्या परीक्षेचा निकष ‘प्रकाशाचा क्रम टिकला आहे काय’ हा असावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विवेचनासाठी बुलढाणा जिल्ह्यातील परिसर निवडला आहे. चिखली–खामगाव मार्गावरील अमडापूर हे बल्लाळदेवीच्या स्थानामुळे परिचित असलेले गाव आणि त्याच जिल्ह्यातील जगप्रसिद्ध लोणार सरोवर, ही दोन्ही ठिकाणे हौशी प्रवासी छायाचित्रकारांच्या आणि महाविद्यालयीन अभ्यास सहलींच्या वाटेवरची आहेत. अमडापूरसारख्या गावाचे दृश्यरूप शासकीय वा शास्त्रीय संग्रहांत क्वचितच नोंदले जाते. ते बहुधा अशाच छायाचित्रांतून उरते. म्हणून ती छायाचित्रे कशी घेतली आणि कशी घडवली जातात, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही.

१. नोंद आणि मांडणी

दृश्यातील सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत अंधाऱ्या भागांमधील गुणोत्तर म्हणजे त्या दृश्याची प्रकाशव्याप्ती. छायाचित्रकार ती ‘स्टॉप’ या एककात मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. भर दुपारी देवळाच्या अंगणात सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश असतो. आतील मंडपात तो ५० लक्स मानला, तर दोहोंत २,००० पट म्हणजे सुमारे ११ स्टॉपचा फरक पडतो. त्यात काळा पाषाण आणि पांढरा चुना यांच्या परावर्तनातील सुमारे ४ स्टॉपचा फरक मिळवला की ही व्याप्ती १५ स्टॉपच्या घरात जाते. आजचे चांगले डिजिटल कॅमेरे एका चित्रात सुमारे १४ स्टॉपपर्यंतची नोंद करू शकतात. चांगल्या छापील कागदावर मात्र सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा भाग यांतील गुणोत्तर जेमतेम १०० पट, म्हणजे ६ ते ७ स्टॉप इतकेच असते.

या आकडेमोडीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचे दृश्य नोंदवावयाचे तर एकाहून अधिक एक्स्पोजर घेणे हा सरळ आणि प्रामाणिक मार्ग आहे. तिपाईवर कॅमेरा स्थिर करून दोन स्टॉप कमी, योग्य आणि दोन स्टॉप अधिक अशी तीन चित्रे घेण्याच्या या पद्धतीस ‘ब्रॅकेटिंग’ म्हणतात. दोन, नोंद कितीही विस्तृत असली तरी ती अखेरीस कागदाच्या किंवा पडद्याच्या अरुंद व्याप्तीत बसवावी लागते. या बसवण्याच्या क्रियेस ‘टोन मॅपिंग’ ही संज्ञा आहे. ती टाळता येत नाही. पंधरा स्टॉपचे दृश्य सात स्टॉपच्या कागदावर आणताना काहीतरी आवळावेच लागते. काय आवळावे, किती आवळावे आणि कोणाला धक्का लागू देऊ नये, येथे समीक्षेला आरंभ होतो.

२. ऐतिहासिक पूर्वपीठिका

आकाश आणि जमीन यांचा हा संघर्ष संगणकाच्या फार आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकातील कोलोडियन काचपट्टीला निळा प्रकाश लवकर बाधत असे. परिणामी त्या काळातील असंख्य निसर्गचित्रांत आकाश कोरे पांढरे दिसते. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६–५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे तयार करताना आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडल्या. त्याच्या चित्रांतील ढगांनी समकालीनांना चकित केले. परंतु त्याने एकाच आकाशाची निगेटिव्ह वेगवेगळ्या समुद्रदृश्यांसाठी वापरल्याचेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. या उदाहरणात एचडीआरची शक्ती आणि त्याचा मोह या दोहोंचे बीज आहे. दोन एक्स्पोजर जोडणे ही तांत्रिक गरज होती. एका ठिकाणचे आकाश दुसऱ्या ठिकाणी बसवणे ही गरज नव्हती.

पुढे १९३९–४० च्या सुमारास अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ‘झोन सिस्टिम’ सिद्ध केली. दृश्यातील प्रकाश काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या क्रमवार पायऱ्यांत विभागून कोणता भाग कोणत्या पायरीवर उतरवायचा, हे छायाचित्र घेण्यापूर्वीच ठरवण्याची ही पद्धत होती. संगणकीय युगात १९९५ मध्ये स्टीव्ह मान आणि रोझालिंड पिकार्ड यांनी भिन्न एक्स्पोजरची डिजिटल चित्रे एकत्र करण्याचा विचार मांडला. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि कानपूरच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी जितेंद्र मलिक यांनी अशा चित्रांतून दृश्यातील प्रत्यक्ष तेजाचा नकाशा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. २००२ मध्ये एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली टोन मॅपिंगची प्रसिद्ध पद्धत अ‍ॅडम्सच्या झोन सिस्टिमवरच उभारलेली होती. ‘फोटोमॅटिक्स’ ही संगणकप्रणाली २००३ मध्ये आली आणि २००५ मधील ‘फोटोशॉप सीएस-२’ मध्ये एचडीआरची सोय झाली. त्यानंतर हे तंत्र प्रयोगशाळेतून हौशी छायाचित्रकाराच्या टेबलावर पोहोचले.

या परंपरेतील सर्वांत मोलाचा धागा ‘पायरी’ हा आहे. अ‍ॅडम्सच्या पद्धतीत पायऱ्यांमधील अंतर कमी-जास्त होऊ शकते. वरची पायरी खाली आणि खालची वर असा उलटापालट मात्र तिच्या तर्कात बसत नाही.

३. वऱ्हाडच्या उजेडाची अडचण

अमडापूर परिसरात या प्रश्नाला स्थानिक धार येते. येथील जमीन काळी आहे. नांगरलेली ओली काळी माती आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्साही क्वचितच परत पाठवते. टेकड्यांचा आणि जुन्या मंदिरांचा पाषाणही काळा बेसाल्टच. याउलट मार्च ते मे या काळात धुळीने भरलेले आकाश निळे न राहता पांढुरके आणि डोळे दिपवणारे होते. हिरवळीने झाकलेल्या युरोपीय भूदृश्याला अनुसरून सांगितलेले एक्स्पोजरचे ठोकताळे येथे फसतात, ते याच कारणाने. अशा स्थितीत ब्रॅकेटिंगचा आश्रय घेणे सर्वस्वी योग्य होय. मातीतील तासांच्या रेषा आणि क्षितिजावरील टेकड्यांची धूसर कड या दोन्ही गोष्टी त्याखेरीज एका चित्रात येणे कठीण असते.

तथापि याच परिसरात सावलीला एक अर्थ आहे. वैशाखातील कडूनिंबाखालची सावली सुखद वाटते, कारण तिच्या चार पावलांपलीकडे ऊन रखरखत असते. बाहेरचे ऊन आणि आतला गारवा यांतील अंतर हाच त्या दृश्याचा आशय आहे. झाडाखालची प्रत्येक काडी आणि ढेकूळ बाहेरच्या उन्हाइतकेच उजळ करून दाखवले, तर तपशील वाढतो आणि आशय नाहीसा होतो. पाहणाऱ्याला तेथील उन्हाळा कळत नाही. मंदिराचेही तसेच आहे. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिरात प्रवेश करताना उजेडातून अंधाराकडे जाण्याचा जो अनुभव येतो, तो त्या वास्तुरचनेचाच भाग आहे. छतावरील शिल्पे दिसावीत म्हणून अंधार थोडा मोकळा करणे समजण्यासारखे आहे. मंडप अंगणाइतका लख्ख करणे म्हणजे वास्तूचा अर्थच बदलणे होय.

४. आवळणे आणि उलटवणे

टोन मॅपिंगच्या पद्धती स्थूलमानाने दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात संपूर्ण चित्राला एकच नियम लागू होतो. अशा पद्धतीत दृश्यातील अधिक तेजस्वी बिंदू चित्रातही अधिक तेजस्वी राहतो, फक्त त्यांच्यातील अंतर कमी होते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भागाचे तेज त्याच्या शेजारच्या भागाच्या तुलनेत ठरवले जाते. त्यामुळे स्थानिक तपशील उठावदार होतो, पण दूरच्या दोन भागांचे परस्परनाते सुटू शकते. प्रत्यक्षात उजळ असलेला ढग चित्रात जमिनीहून काळा होतो. टेकडीच्या कडेभोवती प्रभावळ उमटते. पाषाण धातूसारखा चमकू लागतो. २००६ ते २०१० च्या सुमारास छायाचित्र-संकेतस्थळांवर ज्या भडक शैलीला ‘एचडीआर लूक’ म्हटले जाई, तिची ही लक्षणे होत.

येथे एक दक्षता घ्यावयास हवी. स्थानिक पद्धत स्वतः दोषी नाही. अंधाऱ्या खोलीत छपाई करणारे जुने छायाचित्रकारही हाताने चित्राचा एखादा भाग उजळवीत किंवा गडद करीत. दोष आवळण्यात नसून उलटवण्यात आहे. अंतर कमी करणे ही माध्यमाची अपरिहार्यता आहे. क्रम बदलणे हे दृश्याविषयीचे नवे आणि बहुधा असत्य विधान आहे.

याचा सर्वांत मोठा तोटा असा की, त्यामुळे निसर्गातील खरे अपवाद आपले मोल गमावतात. मृग नक्षत्राच्या तोंडावर पश्चिमेकडे काळेभोर आभाळ दाटते आणि पाठीमागून आलेल्या तिरप्या उन्हात टेकडीवरील वाळके गवत सोन्यासारखे झळकते. त्या थोड्या वेळापुरते आकाश जमिनीहून खरोखरच गडद असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो वर्षातील निर्णायक क्षण. वर्षभराच्या प्रत्येक चित्रात ढग असेच काळे करून दाखवले, तर खऱ्या मृगाचे चित्र समोर आले तरी ते ओळखण्याची आपली शक्ती उरत नाही.

हा निकष तपासण्यास सोपा आहे, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. ब्रॅकेटिंगमधील मधले, योग्य एक्स्पोजरचे चित्र उघडावे. आकाश, जमीन, पाणी, भिंत अशी चार-पाच स्थाने निवडून त्यांचा उजळपणाचा क्रम लिहून काढावा. मधल्या चित्रात एखादे स्थान पूर्ण पांढरे वा काळे झाले असल्यास त्यासाठी शेजारचे चित्र पाहावे. नंतर अंतिम चित्रात त्याच स्थानांचा क्रम पाहावा. दोन्ही क्रम जुळले तर चित्राने दृश्याशी इमान राखले असे म्हणता येईल. पदवी वर्गातील विद्यार्थीही हे काम अर्ध्या तासात करू शकतात.

५. लोणार : रंग जेव्हा पुरावा असतो

वरील विवेचन सौंदर्यापुरते आहे असे कोणास वाटेल, तर त्याने लोणारकडे पाहावे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आणि त्यातील खारे, अल्कधर्मी पाणी जगभरातील भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जून महिन्यात एरवी हिरवट दिसणारे सरोवराचे पाणी गुलाबी झाले. नासाने २५ मे आणि १० जून २०२० या दोन दिवसांची लँडसॅट-८ उपग्रहाची चित्रे शेजारी-शेजारी प्रसिद्ध केली. पाण्याचे नमुने तपासल्यानंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने या रंगाचे कारण खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले.

या घटनेत रंग हीच बातमी होती आणि रंग हाच पुरावा. पाण्याची क्षारता, पातळी आणि त्यातील सूक्ष्मजीव यांच्याशी त्या रंगाचा थेट संबंध होता. उपग्रहचित्रांना मूल्य लाभले ते दोन्ही दिवसांची नोंद एकाच उपकरणाने झाल्यामुळे आणि त्यांच्या तारखा माहीत असल्यामुळे. त्याच दिवसांत प्रवाशांच्या मोबाइलमधून आणि ड्रोनमधून निघालेली चित्रेही मोठ्या प्रमाणावर प्रसृत झाली. विवराच्या कडेवरून दिसणारे दृश्य एचडीआरला निमंत्रण देणारेच आहे. सकाळी विवराची एक भिंत उन्हात तर दुसरी सावलीत, तळाशी आकाशाचे प्रतिबिंब घेतलेले पाणी आणि भोवती झाडीचा गडद पट्टा. परंतु स्थानिक टोन मॅपिंगबरोबर रंगाचा गडदपणाही बहुधा वाढतो. फिकट गुलाबी किरमिजी झाला की चित्र अधिक आकर्षक होते आणि पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते. पुढील दहा वर्षांनी कोणा अभ्यासकाने २०२० च्या पाण्याची तुलना करावयाचे ठरवले, तर ज्यांच्या एक्स्पोजरचा, वेळेचा आणि प्रक्रियेचा मागमूस नाही अशी शेकडो देखणी चित्रे त्याच्या फारशी उपयोगी पडणार नाहीत.

उलट दिशेचे एक आदर्श उदाहरण शेजारच्या अजिंठ्यात आहे. बेनॉय बहल यांनी १९९१ मध्ये तेथील भित्तिचित्रे प्रखर दिव्यांऐवजी अत्यल्प प्रकाशात, दीर्घ एक्स्पोजर देऊन टिपली आणि त्या चित्रांतील रंगांचे एक वेगळे, संयत रूप जगासमोर आणले. ते एचडीआर नव्हते. अंधाराला न हटवता त्याच्याकडून तपशील मिळवता येतो, हे मात्र त्या कामाने सिद्ध केले.

६. संभाव्य आक्षेप

‘मानवी डोळा कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पाहतो, म्हणून सर्व काही उजळ दाखवणारे चित्रच अनुभवाशी अधिक जवळचे’, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात अर्धे तथ्य आहे. डोळा दृश्यावरून फिरत असताना त्याची बाहुली लहान-मोठी होते, दृष्टिपटलाची संवेदनशीलता बदलते आणि मेंदू त्या तुकड्यांचे एक दृश्य बनवतो. परंतु सावलीतील तपशील दिसत असतानाही ती सावली आहे, ही जाणीव पाहणाऱ्याला कधी सोडून जात नाही. म्हणजे डोळ्याची साक्ष काढावयाची तर तीही क्रमाच्याच बाजूने पडते.

दुसरा आक्षेप असा की, कलावंताला स्वातंत्र्य असते. ते मान्यच आहे. कोणी लोणारचे जांभळे स्वप्नचित्र काढले तर त्यावर समीक्षकाने आक्षेप घेण्याचे कारण नाही, मात्र ते स्वप्नचित्र म्हणून मांडले गेले पाहिजे. प्रवास छायाचित्र ‘हे ठिकाण असे आहे’ असे सांगते. त्या विधानाच्या जोरावर कोणी चिखलीहून अमडापूरला येतो, कोणी विदेशातून लोणारला. विधान करावयाचे आणि त्याची जबाबदारी नाकारायची, या दोन्ही गोष्टी एकत्र चालत नाहीत.

काश्मिरी आलंकारिक क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हे काव्याचे प्राणतत्त्व मानले. गळ्यात कंबरपट्टा आणि कमरेला हार घातला तर सुंदर अलंकारही हास्यास्पद ठरतात, हा त्याचा दृष्टान्त सर्वश्रुत आहे. एचडीआर हा छायाचित्राचा अलंकार मानला, तर त्यालाही हेच तत्त्व लागू पडते. अलंकार वापरावा की नाही हा वाद निरर्थक आहे. तो योग्य जागी आहे काय, हाच खरा प्रश्न.

७. अदृश्य एचडीआर

या चर्चेला आज एक नवे परिमाण प्राप्त झाले आहे. २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआरची सोय आली. २०१३ मध्ये गुगलने ‘एचडीआर प्लस’ आणले. आता बहुतेक मोबाइल कॅमेरे एका स्पर्शासरशी अनेक चित्रे घेऊन, ती जोडून आणि टोन मॅपिंग करूनच अंतिम चित्र हाती देतात. पूर्वी हे तंत्र वापरणारा जाणूनबुजून वापरत असे आणि त्याची भडक खूण चित्रावर उमटत असे. आता प्रक्रिया संयत झाली आहे, परंतु निर्णय वापरणाऱ्याच्या हातून निसटला आहे. भडकपणा कमी झाल्याने समीक्षेची गरज संपली, असे मानणे चुकीचे ठरेल. दोष नजरेआड झाल्याने ती वाढली आहे. अनेक क्षणांच्या जोडणीमुळे काळाचाही गोंधळ होतो. देवळावरील फडफडणारा ध्वज, उडणारे पक्षी, चालणारी माणसे ही एका क्षणाची नसून दोन-तीन क्षणांची मिसळ असू शकते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. काळी माती आणि पांढुरके आकाश असलेल्या अमडापूरसारख्या परिसरात एकाहून अधिक एक्स्पोजर घेणे ही न्याय्य आणि उपयुक्त पद्धत आहे. मात्र ती सवय म्हणून वापरू नये. सकाळ-संध्याकाळच्या मवाळ उजेडात ‘रॉ’ स्वरूपात, उजळ भाग जपून घेतलेले एकच चित्र बहुधा पुरेसे असते. टोन मॅपिंग करताना अंतर आवळावे, क्रम उलटवू नये. जेथे रंग हा नैसर्गिक घडामोडीचा निदर्शक आहे, तेथे रंगाचा गडदपणा वाढवू नये.

महाविद्यालयांनी यातून एक छोटी प्रथा सुरू करावी, असे सुचवावेसे वाटते. इतिहास, भूगोल आणि पर्यावरण विभागांच्या अभ्यास सहलींत घेतलेल्या छायाचित्रांसोबत दिनांक, वेळ, स्थान आणि ‘एक चित्र की अनेकांची जोडणी’ एवढ्या चार बाबी नोंदवाव्यात आणि मूळ, प्रक्रिया न केलेली चित्रे विभागात जतन करावीत. स्पर्धांच्या नियमावलीतही ही अट घालता येईल. खर्च जवळजवळ शून्य आहे. टेकडीवरचे गवत, गावालगतची शेते, विवरातील पाणी हे सारे आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे. ते कसे होते, याची साक्ष देण्याचे काम बहुतांशी या चित्रांवरच येणार असल्याने ती चित्रे देखणी असण्यापूर्वी विश्वासार्ह असणे अगत्याचे आहे.